घर विकायचे आहे? आधी अंगण झाडा, मग फोटो काढा

रामटेकच्या गडापासून सहा-सात किलोमीटरवरच्या एका खेड्यात माझ्या मावशीचे घर होते. तिच्या सासऱ्यांनी बांधलेले. सागवानी खांब, वर इंग्रजी कवेलू, समोर छपरी, मागे वाडी आणि वाडीत दगडाने बांधलेली विहीर. मावसाजी वारल्यावर मावशी एकटी उरली. मुलगा पुण्याला कारखान्यात, मुलगी नागपूरला दिलेली. गुडघ्यांमुळे मावशीला विहिरीवरून पाणी ओढणे होईना. शेवटी घर विकून तिने मुलीजवळ जाऊन राहावे असे ठरले.

कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला मावसभाऊ आला, तेव्हा त्याने निघता निघता मोबाईलवर घराचे चार फोटो काढले. दिवस मावळत आलेला. पहिल्या फोटोत अंगणातली तणसाची गंजी आणि तिच्यामागे अर्धे दार. दुसरा माजघराचा, पण त्यात काळोखाशिवाय काही नाही. तिसऱ्यात भिंतीवरचे जुने कॅलेंडर आणि दोरीवरचे कपडे. चौथ्यात त्याची स्वतःचीच लांब सावली. हे चारही फोटो त्याने नागपूरच्या एका दलालाला पाठवले. चार दिवसांनी निरोप आला : घर पडके दिसते, नुसत्या जागेचा भाव मिळेल, आणि त्यातूनही पाडण्याचा खर्च वजा होईल.

म्हणजे सागवान गेले, विहीर गेली, तीन पिढ्यांनी राखलेला पाया गेला. मावशी रागावली नाही. मला एवढेच म्हणाली, “आपलं घर पडलं हाये का रे, बापू?”

घरांच्या खरेदी-विक्रीचा माझा धंदा नाही. मी शेती खात्यातला माणूस. पण फोटोवरून पारख कशी होते आणि कशी फसते, हे मला रोजच्या कामातून ठाऊक आहे. शेतकरी बंधू मला संत्र्याच्या झाडाचे फोटो पाठवतात. एकच पिवळे पान, अगदी जवळून, तेही हललेले. साहेब, काय फवारू? आता पान नत्र कमी पडल्याने पिवळे होते, लोह कमी पडल्याने होते, मुळाशी पाणी साचल्याने होते आणि मूळकूज लागल्यानेही होते. एका पानावरून काय सांगणार? म्हणून मी सांगतो, आधी अख्खे झाड दाखवा, मग फांदी, मग पानाच्या दोन्ही बाजू, आणि शेवटी बुंध्याची माती. एवढे आले की लांब बसलेल्या जाणकाराला, तुमच्या लक्षातही न आलेली गोष्ट दिसते.

घराचे तसेच आहे. गिऱ्हाईक नागपुरात किंवा पुण्यात बसलेले असते. त्याच्या हाती तुमचे घर नसते, तुमचे चार फोटो असतात. ते पाहून एक रविवार मोडायचा की नाही, बसभाडे खर्चून रामटेकला यायचे की नाही, एवढेच तो ठरवतो. सौदा पुढे दारातच होतो. पण जो दारात आलाच नाही, त्याला तुमचे सागवान दिसणार कसे?

आपल्या खेड्यांना फोटो आता नवीन राहिलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो भरू लागला. घरकुलाचा हप्ता मिळायला पायापासून छतापर्यंत टप्प्याटप्प्याने फोटो द्यावे लागतात. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, तेव्हा गावोगाव घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारल्या गेल्या आणि वरून ड्रोनने गावठाणाचे फोटो टिपले. सरकारला दाखवायचे म्हटले की आपण नीट उभे राहून फोटो काढतो. स्वतःचे घर दाखवायचे म्हटले की चालता चालता काढतो. असे का होते, हे मला अजून उमगलेले नाही. पोळ्याला बैल धुऊन, शिंगे रंगवून, झूल घालून मिरवणारे आपणच. बैल बाजारात न्यायचा तर चार दिवस आधीपासून खरारा करणारेही आपणच.

माघात दोन दिवसांची रजा टाकून मी मावशीकडे गेलो. पहिला दिवस सगळा आवरण्यात गेला. तणस शेजाऱ्यांच्या गोठ्यामागे हलवली. छपरीतले फवारणीचे पंप, रिकामी पोती, मोडकी खाट आत ठेवली. सरकलेले कवेलू नीट बसवून घेतले. मजूर एकच लागला. मावशीने हट्टाने स्वतः अंगण सारवले. रंगरंगोटी मात्र करू दिली नाही. विकायच्या घराला नवा चुना दिसला की घेणारा पहिला प्रश्न विचारतो, काय झाकले? खर्च करायचाच तर तो दारे-खिडक्या नीट उघडतील, मिटतील यावर करावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला फोटो घेतले. घर पूर्वेकडे तोंड करून होते, म्हणून सकाळ निवडली. पश्चिममुखी घराचा दर्शनी फोटो दुपार कलल्यावर काढावा. सूर्य आपल्या पाठीशी असावा, म्हणजे भिंतीवर उजेड पडतो. भर दुपारी कवेलूंच्या पडवीखाली काळी सावली पडते आणि चांगली ओसरीदेखील गुहेसारखी दिसते. वैशाखात तर अकरानंतर फोटो घेण्याच्या नादी लागूच नये.

आत जाताना सगळी दारे-खिडक्या उघडाव्यात. मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवावा, कारण तो समोरची वस्तू पांढरीफटक करतो आणि मागची खोली काळी. काच धोतराच्या किंवा लुगड्याच्या मऊ पदराने पुसून घ्यावी. आपल्या बोटांना तेल-माती असते, आणि धूसर फोटोंपैकी अर्ध्यांचे कारण मी एवढेच पाहिले आहे. खोलीच्या कोपऱ्यात उभे राहावे, मोबाईल आडवा आणि छातीच्या उंचीवर धरावा. म्हणजे दोन भिंती, जमीन आणि थोडे छत एकदम दिसते. हात हलत असेल तर दाराच्या चौकटीला टेकावा.

कशाकशाचे फोटो घ्यावेत, हे झाडासारखेच. आधी लांबून, रस्त्यासकट अख्खे घर, म्हणजे बैलगाडी किंवा चारचाकी दारापर्यंत येते का हे कळते. मग छपरी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, वाडी. विहीर दाखवताना काठावरून आत पाण्याची पातळीही दाखवावी आणि फोटो कोणत्या महिन्यातला ते लिहावे. माघातले पाणी आणि भाद्रपदातले पाणी यांत किती फरक असतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण शहरातल्या माणसाला सांगावे लागते. विजेचे मीटर आणि नळाची जोडणीही दाखवावी. छपराचा एक फोटो आतून, वर पाहून घ्यावा. दांड्या, वासे, कुठे कीड लागली असेल तर तीही. आम्ही असे बावीस फोटो ठेवले. तीस-चाळीस पाठवले तर कोणी पाहत नाही.

आता ओलीची गोष्ट. उत्तरेकडच्या भिंतीला जमिनीपासून हातभर ओल चढलेली होती. मातीतला ओलावा केशाकर्षणाने वर चढतो, तसाच मातीच्या जुडाईच्या भिंतीतही चढतो. त्यात न्हाणीचे पाणी त्याच भिंतीशी मुरत होते. मावसभाऊ फोनवर म्हणाला, “दादा, तिथे कपाट सरकवा आणि फोटो घ्या.” मावशी जवळच बसली होती. ती म्हणाली, “कपाट सरकवून काय होते? घेनारा आला का कपाट उचलंनच ना तो.”

आम्ही कपाट बाजूला केले आणि ओलीचा वेगळा, जवळून फोटो घेतला. खाली लिहिले : उत्तरेची भिंत, हातभर ओल, न्हाणीच्या पाण्यामुळे. न्हाणीचे पाणी चर काढून वाडीतल्या केळींकडे वळवले आहे.

हे मावशीच्या भोळेपणाचे कौतुक म्हणून सांगत नाही. कायदाही तेच सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत सापडण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी संत्र्याची पेटी आठवावी. वर मोठी फळे आणि खाली बारीक भरलेली पेटी एकदा खपते. पुढच्या खेपेला व्यापारी तुमची पेटी उलटी करून पाहतो आणि वरच्या चांगल्या फळांचाही भाव पाडतो. घर तर आयुष्यात एकदाच विकायचे. पेटी त्याच दिवशी उलटी होते.

माझ्या हातूनही एक चूक झाली. स्वयंपाकघर लहान होते, फोटोत मावेना, म्हणून मी मोबाईलमधली रुंद दाखवणारी सोय वापरली. फोटो झकास आला. त्याचे फळ पुढे मिळाले.

आमच्या भागात आणखी एक खोड आहे. घर कुठेही असो, पहिला फोटो गडावरच्या राममंदिराचा नाही तर खिंडसी तलावाचा. दलालाने मावशीच्या घरासाठीही खिंडसीचा फोटो वर टाकायला सांगितले होते. बाबा रे, तलाव काही विक्रीखतात येत नाही! जवळ असेल तर किती किलोमीटर ते लिहावे. तसेच घराच्या फोटोत आपले शेत ओढून आणू नये. शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, गावठाणातल्या घराला ती अट नाही. दोन्ही एकत्र दाखवले की बोलणी भलत्याच वाटेला लागतात.

कागदांबद्दल थोडेच लिहितो, पण ते नीट वाचावे. फोटो काढण्याआधी घर कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. ग्रामपंचायतीचा नमुना ८, घरपट्टीची पावती आणि मिळाली असेल तर सनद किंवा मिळकत पत्रिका जवळ असावी. वारसांत बहिणी असतील तर त्यांना पहिल्या दिवसापासून विचारात घ्यावे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच हक्क आहे. मात्र हे कागद, आधार कार्ड, बँकेचे पासबुक यांचे फोटो घराच्या फोटोंबरोबर गटागटांत फिरवू नयेत. ते प्रत्यक्ष आलेल्या माणसाला घरी दाखवावेत. घराच्या फोटोतही तिजोरी, दागिन्यांचे कपाट, घरातल्या मुली-सुना येऊ देऊ नयेत. आणि न पाहताच बयाणा पाठवतो, फक्त हा चौकोन स्कॅन करून पिन टाका, असे कोणी म्हणाला तर फोन ठेवून द्यावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले तर बारीक होऊन पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर होते तसे पोचतात. हे मला मावशीच्या नातवाने शिकवले.

बावीस फोटो पाठवल्यावर तीन आठवड्यांत पाच कुटुंबे येऊन गेली. दोघांना शहराजवळ हवे होते, एकाला फक्त जागा हवी होती, एकाने पुन्हा फोन केला नाही. पाचवे नागपूरचे, मूळ मौद्याकडचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. पत्नीला घेऊन आले. मोबाईल हातात धरून ते सरळ उत्तरेच्या भिंतीपाशी गेले आणि ओलीवर तळहात ठेवला. मग न्हाणीमागचा चर पाहिला. म्हणाले, “जेवढी लिहिली तेवढीच आहे.” त्यानंतर त्यांनी सागवानाच्या खांबांना टिचक्या मारून पाहिल्या, विहिरीत डोकावले, आणि बाकीच्या खोल्या अगदी भराभर पाहिल्या. बाई मात्र स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. “फोटोत तर हे केवढं मोठं दिसत होतं!” मी खाली पाहिले. पुढची अर्धी घटका त्यांनी त्या स्वयंपाकघराचा एकेक हात मोजून काढला, आणि भावात त्याचे वजा झालेच.

भिंतीच्या दुरुस्तीचेही वजा झाले. पण खांब, कवेलू आणि विहीर या वेळी हिशेबात धरले गेले, पाडण्याचा खर्च कोणी काढला नाही. चैत्रात दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मावशीचाच फोटो लागला. २००१ च्या दुरुस्तीपासून विक्रीखतावर देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे लावावे लागतात. मावशी त्यासाठी नवे लुगडे नेसून आली होती.

निघताना तिने एक फोटो कागदावर छापून मागितला. मी दर्शनी फोटो दाखवला, सारवलेल्या अंगणाचा, सकाळच्या उन्हातला. तिने मान हलवली. बावीसही दाखवले, एकही पसंत पडेना. शेवटी तिने मावसभावाच्या मोबाईलमधला कार्तिकातला पहिला फोटो काढायला लावला, तणसाच्या गंजीचा.

“हाच दे,” म्हणाली. “याच्यात माही खाट हाये.”