यमुना आणि यमू

आपल्या मंडळाकडे येणाऱ्या कथांमध्ये नवरा बहुतेक वेळा दुसऱ्याच परिच्छेदात मरतो. मग बायको रडते, बाहेर पाऊस पडतो आणि कथा संपते. मला मात्र काही वाटत नाही, कारण तो माणूस मला भेटलेलाच नसतो.

मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' (१८५७) लग्न आणि वियोगाचीच आहे. बाबा पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखं ऐकते. पुढे विनायकराव वारतात आणि तीही विधवा होते. त्या काळात हे लिहायला धैर्य लागलं असणार. पण खरं सांगू? यमुना मला बरीचशी साक्षीदारच वाटते. तिच्या तोंडून लेखकाचे विचार बोलतात.

आता हरि नारायण आपट्यांची यमू बघा. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली. विषय जवळजवळ तोच. पण इथे यमू स्वतःच आपली गोष्ट सांगते, तीही माहेरच्या लहानपणापासून, भावाच्या संगतीपासून. मग लग्न, सासर आणि रघुनाथरावांबरोबरचे मुंबईतले थोडेसे सुखाचे दिवस. हे सगळं आपण तिच्यासोबत पाहिलेलं असतं. त्यामुळे ते गेल्यावर तिचं काय गेलं, हे वेगळं सांगावं लागत नाही. पुढे तिचं जबरदस्तीनं केशवपन होतं, तेव्हा 'विधवांचा प्रश्न' डोळ्यांसमोर येत नाही, यमू येते.

म्हणून आधी संसार दाखवा. मी बैहरकडचा, तेव्हा तिकडचंच उदाहरण देतो. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत पाळीला जाणारा एक नवरा कल्पा. जेवणाचा डबा परत आणायला तो हमखास विसरतो, त्यावरून घरात रोज कटकट. तो गेल्यावर ती रडली, एवढ्यानं भागत नाही. महिन्याभरानं पहाटे तिच्या हातून सवयीनं दोन पोळ्या जास्त लाटल्या जातात, ते लिहा. मोटरसायकलचे हप्ते बाकी ठेवून गेला, म्हणून तिला त्याचा रागही येऊ द्या. रागावणारी विधवा लिहायला आपण उगाच घाबरतो!

आणखी एक. आमच्याकडे एकाच घरात पोवारी, हिंदी, मराठी तिन्ही चालतात. ती दुःखात कोणती बोलेल, हे संवाद लिहिण्याआधी ठरवा.