क्लब विकला, कारखाना विकला. मागे राहिला तो सभासद

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि पाचट यांविषयी लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे, पण शेवटी तो आपल्याच बांधावर येऊन थांबतो, म्हणून सगळा वाचावा ही विनंती.

शहागड गटात ऊसनोंदीला फिरताना आम्हाला हल्ली लाल सदरे घातलेली पोरे दिसतात. छातीवर मँचेस्टर युनायटेडचे चिन्ह. क्रिकेटच्या जोडीने विलायतेतला फुटबॉल ही पोरे मोबाईलवर रात्री जागून बघतात. त्यांच्यातल्या एकाने आम्हाला विचारले, "साहेब, तिथले लोक आपल्याच क्लबच्या मालकावर एवढे का चिडलेत?" शेजारी बसलेले एक वयस्क सभासद म्हणाले, "तिकडं गोरे लोक खेळासाठी भांडायलेत, त्याचं आपल्याला काय?" आमचे म्हणणे असे की, आपल्याला त्याचे बरेच काही आहे. क्लब आणि कारखाना यांची गोष्ट मुळात एकच आहे. पुष्कळ लोकांनी मिळून वाढवलेली वस्तू एक दिवस कोणा परक्याच्या हाती जाते, ती का आणि कशी, एवढीच ती गोष्ट.

गाईच्या नावावर कर्ज काढून गाय घेतली

मँचेस्टर युनायटेड हा क्लब १८७८ मध्ये रेल्वेतल्या कामगारांनी सुरू केला. तेव्हा त्याचे नाव न्यूटन हीथ होते आणि रंग हिरवा व सोनेरी. १९०२ मध्ये नाव बदलले. पुढे क्लबचे शेअर बाजारात आले, आणि मे २००५ मध्ये माल्कम ग्लेझर या अमेरिकन उद्योगपतीने बहुतेक शेअर गोळा करून क्लब ताब्यात घेतला. सौदा सुमारे ७९ कोटी पौंडांचा होता.

लोक चिडले ते मालक अमेरिकन म्हणून नव्हे. सौद्यासाठी त्याने मोठे कर्ज काढले आणि त्यातला बराच भाग क्लबच्याच अंगावर टाकला. आपल्या भाषेत सांगायचे तर, शेजाऱ्याने तुमची दुभती गाय घेतली, पैसे मात्र गाईच्याच नावावर कर्ज काढून दिले, आणि हप्ते दुधातून फेडायला लावले. आत्तापर्यंत कर्ज नसलेला क्लब एका रात्रीत कर्जबाजारी झाला.

पाठीराख्यांनी मोर्चे काढले. २०१० मध्ये हजारो लोक लाल रंग बाजूला ठेवून जुन्या हिरव्या-सोनेरी रंगाचे मफलर घालून मैदानावर आले. २ मे २०२१ रोजी तर लोक थेट ओल्ड ट्रॅफर्ड मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा त्या दिवशीचा सामना खेळवता आला नाही. मालक हलले नाहीत. २०२४ मध्ये त्यांनी चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा एका इंग्रज उद्योगपतीला विकला, बहुमत मात्र आपल्याकडेच ठेवले.

एवढ्या लोकांचा राग वाया का गेला? कारण उघड आहे. पाठीराखा तिकीट काढतो, पण त्याला मत नाही. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मते जास्त. हे लोक पिढ्यान् पिढ्या क्लबला "आमचा" म्हणत होते, पण कागदावर तो त्यांचा नव्हता.

पुण्यात आणि कलकत्त्यात

हे फक्त विलायतेतच घडते असे नाही. पुण्याचा एफसी पुणे सिटी हा संघ २०१४ पासून बालेवाडीच्या मैदानावर खेळत होता. २०१९ मध्ये पैशाच्या अडचणीने तो बंद पडला आणि स्पर्धेतली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला गेली. पुण्यातल्या पाठीराख्यांकडे नारिंगी सदरे तेवढे उरले. त्यांना कोणी विचारलेही नाही.

कलकत्त्याचा मोहन बागान १८८९ चा. १९११ मध्ये गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून ढाल जिंकणारा हाच क्लब. २०२० मध्ये त्याच्या फुटबॉल विभागाचा ८० टक्के हिस्सा एका उद्योगसमूहाकडे गेला आणि क्लबच्या नावापुढे एटीके ही दुसऱ्याच संघाची अक्षरे लागली. पाठीराख्यांनी तीन वर्षे सतत फलक धरले, घोषणा दिल्या, आणि २०२३ मध्ये ती अक्षरे नावातून काढावी लागली. नाव परत मिळाले, हिस्सा मात्र परत आला नाही. रागाने काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा हा चांगला हिशेब आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ

जालन्याजवळ रामनगरचा सहकारी साखर कारखाना आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. राज्य सहकारी बँकेच्या थकीत कर्जापोटी तो २०१२ मध्ये लिलावात विकला गेला. पुढे तो आणखी एका खाजगी कंपनीकडे गेला. जून २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने तिथली जमीन, इमारती आणि यंत्रसामग्री अशी सुमारे ७८ कोटी रुपयांची मालमत्ता तात्पुरती जप्त केली.

सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या चिमणगावचा जरंडेश्वर सहकारी साखर कारखानाही असाच २०१० मध्ये ६५ कोटी ७५ लाखांना विकला गेला. लिलावाची पद्धत बरोबर नव्हती आणि किंमत कमी धरली, असे संचालनालयाचे म्हणणे असून जुलै २०२१ मध्ये तिथेही जप्ती आली. तिथल्या सभासदांनी कारखाना परत मिळावा म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्य बँकेचे संचालक मंडळ बरखास्त केले आणि प्रशासक नेमला, हेही आपणांस आठवत असेल. यात कोण दोषी, कोण निर्दोष, हे न्यायालयांनी ठरवायचे आहे. आम्ही त्यात पडत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते सभासदाविषयी.

कारखाना विकला जातो म्हणजे नेमके काय होते, हे फार थोड्या सभासदांना ठाऊक असते. कारखाना साखर तारण ठेवून कर्ज घेतो, विस्तारासाठी घेतो, हंगामापूर्वी तोडणी-वाहतुकीच्या उचलीसाठी घेतो. मग एखादे वर्ष पावसाचे जाते. जायकवाडीचे पाणी शेतीला मिळत नाही, ऊस बेण्यालाही उरत नाही, गाळप निम्म्यावर येते. पगार आणि व्याज मात्र निम्मे होत नाही. हप्ते थकतात. २००२ च्या सिक्युरिटायझेशन कायद्याप्रमाणे बँक ६० दिवसांची नोटीस देते. त्या मुदतीत पैसे भरले नाहीत तर दिवाणी दाव्याची वाट न पाहता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये स्पष्ट केले.

विक्रीच्या पैशातून आधी कर्ज फिटते, मग इतर देणी. भागधारकाचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तिथवर बहुधा काहीच उरत नाही. ट्रंकेत जपलेला शेअर दाखला राहतो, पण त्यामागची जमीन, बॉयलर आणि मिल दुसऱ्याची झालेली असते.

खाजगी कारखाना म्हणजे वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत ऊसबिल देण्याचे बंधन दोघांनाही सारखेच आहे, आणि काही खाजगी कारखाने ते वेळेवर देतात. पण तिथे आपण फक्त माल घालणारे. वार्षिक सभा नाही, मत नाही, हिशेब विचारण्याचा हक्क नाही. म्हणजे आपली गत त्या लाल मफलरवाल्यांसारखी.

चिडलेल्यांनी सहकार काढला

आता या गोष्टीचा दुसरा भाग, आणि तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. मँचेस्टरपासून जवळच रॉचडेल हे गाव आहे. १८४४ मध्ये तिथल्या २८ जणांनी वर्गणी काढून पीठ, लोणी, साखर विकणारे दुकान उघडले. एका सभासदाला एक मत, हा आपल्या सहकाराचा पाया त्याच दुकानातून जगभर गेला. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी पहिला सहकारी साखर कारखाना सुरू केला, त्याचाही पाया तोच.

२००५ मध्ये ग्लेझर यांच्यावर चिडलेल्या काही पाठीराख्यांनी नुसत्या घोषणा न देता एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा नवा क्लब काढला, तोही सहकारी कायद्याखाली नोंदवून. कोणी कितीही पैसे घाला, मत एकच. २०१५ मध्ये त्यांनी स्वतःचे मैदान उभे केले.

लंडनमधल्या विंबल्डनची हकीकत तर आणखी मोठी. त्यांचा क्लब मालकांनी दूरच्या मिल्टन कीन्स गावी न्यायचे ठरवले आणि मे २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली. पाठीराख्यांनी त्याच उन्हाळ्यात गावच्या मोकळ्या माळावर खेळाडूंची निवड करून नवा संघ उभा केला आणि अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली. नऊ वर्षांत, म्हणजे २०११ मध्ये, तो संघ मुख्य लीगमध्ये परतला. पाठीराख्यांच्या पन्नास लाख पौंडांहून अधिक रोख्यांची मदत घेऊन २०२० मध्ये प्लाउ लेन या आपल्या जुन्या ठिकाणी नवे मैदान झाले. आपल्याकडच्या ठेवी आणि त्यांचे रोखे यांत फरक थोडाच.

जर्मनीत तर विषाची परीक्षा घेण्याआधीच बंदोबस्त केला आहे. तिथल्या नियमाप्रमाणे, काही अपवाद सोडता, क्लबमधली निम्म्याहून एक जास्त मते सभासदांच्या संस्थेकडेच राहतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगच्या उत्पन्नात बाहेरचा भांडवलदार आणण्याचा बेत निघाला, तेव्हा लोकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि बेत मागे घ्यावा लागला.

पण कारखाना माळावर उभा राहत नाही

विंबल्डनच्या लोकांना अकरा खेळाडू, एक चेंडू आणि माळ पुरला. आपल्याला मिल, बॉयलर, काटा, गोदाम, परवाना आणि ठराविक अंतराची हद्द लागते. एकदा गेलेला कारखाना शेजारी नवा काढून भरून येत नाही. म्हणून बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नाही. सभासदाने चिडायचेच असेल तर ते आधी, आणि योग्य ठिकाणी. आमच्या अनुभवाप्रमाणे पुढील गोष्टी प्रत्येक सभासदाने कराव्यात.

१. वार्षिक सभेला यावे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर सभा व्हावी लागते. गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच मांडवात मूठभर लोकांत उरकते, आणि कर्जाचे ठराव तिथेच मंजूर होतात. जेवणाच्या वेळी येणाऱ्या सभासदाला नंतर "आम्हाला विचारलं नाही" म्हणता येत नाही.

२. अहवाल वाचावा. सगळे आकडे कळले नाहीत तरी चार बघावेत: एकूण कर्ज, वर्षाचे व्याज, संचित तोटा आणि शिल्लक साखर. गेल्या तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. व्याज वाढते आणि गाळप घटते असे दिसले की सभेत उठून विचारावे. पोरगा शिकलेला असेल तर त्याला वाचायला बसवावे. सामन्याचे गुण त्याला तोंडपाठ असतात, हेही जमेल.

३. दप्तर बघण्याचा हक्क वापरावा. सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला कार्यालयीन वेळेत उपविधी, शेवटचा तपासलेला ताळेबंद, सभासद यादी, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराचा खातेउतारा विनामूल्य पाहता येतो. यात कोणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. आपल्याच पेरणीवर आपण चक्कर मारतो, तसे ते आहे.

४. नोंदलेला ऊस आपल्याच कारखान्याला घालावा. हे आमच्या खात्याचे काम म्हणून सांगतो असे समजू नये. टनामागे थोडे जास्त मिळतात म्हणून रातोरात ट्रॅक्टर दुसरीकडे वळला, की गाळपाचे दिवस कमी होतात आणि प्रत्येक टनावरचा खर्च वाढतो. मात्र तोडीची पाळी चुकीची लागली, काट्याबद्दल शंका आली, बिलाला उशीर झाला, तर गप्प बसू नये. गट कार्यालयात लेखी द्यावे व पोच घ्यावी. सभासदाने ऊस द्यायचा आणि कारखान्याने हिशेब द्यायचा, ही दोन्ही चाके सारखी फिरली तरच गाडी चालते.

५. शेअर वारसाच्या नावावर करून घ्यावा. आमच्या गटात वडील वारून दहा-दहा वर्षे झाली तरी शेअर त्यांच्याच नावावर असलेली घरे आहेत. त्या घराला मत नाही. मत नसलेला सभासद आणि मैदानाबाहेर उभा राहिलेला पाठीराखा यांत काही फरक नाही.

मँचेस्टरच्या लोकांना जे मत मिळवण्यासाठी नवा क्लब काढावा लागला, ते आपल्याला आपल्या वडीलधाऱ्यांनी आयते देऊन ठेवले आहे. शहागड आणि आसपासच्या गावांतील ज्या सभासदांचे शेअर वारसाच्या नावावर व्हायचे आहेत, त्यांनी मृत्यूचा दाखला, वारस दाखला आणि मूळ शेअर दाखला घेऊन गट कार्यालयात यावे. अर्ज भरून घेण्याची व्यवस्था ऊस विकास विभागाने केली आहे.

जय सहकार!