वडिलांचा पोशाख

रॉक संगीतांतल्या एखाद्या गायकाचें आत्मचरित्र आपण कधीं काळीं हातीं धरूं, असें मला वाटलें नव्हतें. कानठळ्या बसविणारीं वाद्यें आणि तीं वाजविणारांचीं विस्कटलेलीं आयुष्यें, एवढीच माझी त्या विश्वाची कल्पना. परंतु ब्रूस स्प्रिंगस्टीन याचें 'बॉर्न टु रन' हें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक माझ्या मुलानें एके दिवशीं माझ्यापुढें ठेविलें, आणि तें मीं दोन रात्रींत संपविलें.

ब्रूसचा जन्म १९४९ सालचा. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांतल्या फ्रीहोल्ड गांवीं तो वाढला. आई वकिलाच्या कचेरींत नोकरी करी. मुलाला गिटार मिळावी म्हणून तिनें कर्ज काढलें. वडील कधीं गिरणींत, कधीं तुरुंगावरील पहारेकरी, अशा नाना नोकऱ्या करीत आणि रात्रीं दिवे मालवून स्वयंपाकघरांत बियर पीत एकटेच बसत. मुलाशीं बोलणें जवळजवळ नाहींच. जें होई तें बोचरें. या मौनाच्या मुळाशीं मनाचें दुखणें होतें, हें पुष्कळ उशिरां उमगलें. आपणांसही नैराश्यानें गांठलें व त्यावर आपण उपचार घेतले, हें लेखक मोकळेपणानें सांगतो.

त्याची एक कबुली मनाला चटका लावून गेली. स्वतः तो कधीं कारखान्यांत राबला नाहीं. तरी रंगमंचावर तो कामगाराच्या वेषांत उभा राहिला, कारण तो वेष वडिलांचा होता. ज्यांचें प्रेम मिळालें नाहीं, त्यांचा निदान पोशाख तरी अंगावर असावा! पुढें १९९० मध्यें त्याला पहिलें अपत्य व्हावयाचें होतें, तेव्हां वडील शेंकडों मैल मोटार हांकून त्याच्या दारीं आले आणि आपण मुलाशीं चांगले वागलों नाहीं, एवढें बोलून गेले. मुलाला तेवढें पुरलें. म्हणूनच या पुस्तकांत वडिलांवर फिर्याद नाहीं, कीं त्यांच्या दोषांवर पांघरूणही नाहीं.

माझे वडीलही भरल्या पानावरून मुकाट्यानें उठून जात. "स्वभावाला औषध नाहीं," असें आई म्हणे. तो स्वभाव होता कीं दुखणें, हें विचारण्याचें कोणालाच सुचलें नाहीं. आतां विचारावें तर वडील नाहींत.

मुलानें हें पुस्तक नेमकें मलाच कां दिलें, हें मात्र तें मिटल्यावर ध्यानांत आलें. त्या रात्रीं मी आपण होऊन त्याच्या खोलींत जाऊन बसलों.