शेपटीचे पाय, पायांचे हात

मोटारीचा रोबो करणं त्या मानाने सोपं. मोटार म्हणजे चाकांवरची पेटी. पेटी उघडा, आतून हातपाय काढा, दारं-छप्पर पाठीवर टाका, झालं काम. मोटारीच्या रूपात त्या खेळण्याकडून फारशी अपेक्षाही नसते. चाकं फिरली की पोरं खूश. डायनासोरचं तसं चालत नाही. त्याचा जबडा उघडायला हवा, मांड्यांत जोर हवा, तोल सांभाळायला मागे शेपूट हवी. हे सगळं दुमडून त्याच तुकड्यांतून छाती काढून उभा राहणारा यंत्रमानव निघायला हवा. खेळणं एक, देह दोन, आणि दोन्ही हलते. म्हणून रूप पालटणाऱ्या डायनासोरची पारख मोटारीच्या मापाने करून भागत नाही. त्याची मापं बऱ्याच अंशी एकाच खेळण्याने घालून दिली आहेत. ते म्हणजे ट्रान्सफॉर्मर्समधला ग्रिमलॉक.

नाव अमेरिकेने दिलेलं असलं तरी ग्रिमलॉकचा जन्म जपानचा. ताकारा या जपानी कंपनीने १९८० मध्ये ‘डायक्लोन’ नावाची खेळणी काढली. त्यांत मोटारींचे रोबो होते, तसे डायनासोरचेही. या रोबोंमध्ये बसायला इंचभर उंचीची चालक माणसं मिळत, त्यांच्या तळपायांत लोहचुंबक असे. ही खेळणी अमेरिकेत न्यावीत, असा आग्रह धरणाऱ्यांत हेन्री ओरेनस्टाइन होता. पोलंडमध्ये जन्मलेला, नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेला आणि पुढे अमेरिकेत खेळण्यांच्या धंद्यात नाव कमावलेला माणूस. (याच गृहस्थाने म्हातारपणी पोकरच्या टेबलात कॅमेरा बसवायची युक्ती काढली आणि टीव्हीवरच्या पोकरचं नशीब उघडलं.) त्याने अमेरिकेतली खेळण्यांची कंपनी हॅस्ब्रो आणि ताकारा यांची गाठ घालून दिली. १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ बाजारात आले, आणि १९८५ मध्ये पाच डायनोबॉट दुकानांत पोचले: ग्रिमलॉक, स्लॅग, स्लज, स्नार्ल आणि स्वूप. त्यांतला स्वूप टेरॅनोडॉन, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने डायनासोर नव्हेच. पण खेळण्यांच्या दुकानात हा वाद कुणी घालत नाही.

चालक माणसं अमेरिकेपर्यंत आली नाहीत. तिथे रोबो स्वतःच जिवंत ठरले, मग त्यांना चालक कशाला? त्यांच्यासाठी केलेल्या जागा मात्र प्लॅस्टिकमध्ये तशाच राहिल्या. गोष्टीही दोन झाल्या. कार्टूनमध्ये डायनोबॉट हे डायनासोरची हाडं पाहून पृथ्वीवर बनवलेले अडाणी पण दांडगे गडी. मार्व्हलच्या कॉमिकमध्ये मात्र त्यांनी चाळीस लाख वर्षांपूर्वीच डायनासोरचं रूप घेतलेलं, आणि तिथला ग्रिमलॉक बराच गर्विष्ठ आणि हुशार. खेळण्याच्या पारखीत या फरकाला महत्त्व आहे. कुणाला कार्टूनमधला बोजड, भाबडा ग्रिमलॉक हवा असतो, तर कुणाला कॉमिकमधला करारी. चेहऱ्याच्या एका रेघेवरून संग्राहक तासन्‌तास भांडतात ते यामुळेच.

आता खेळणं हातात घेऊन बघू. १९८५चा ग्रिमलॉक डायनासोरच्या रूपातून रोबोत येतो, त्या कवायतीत भल्याभल्यांना चकवणारी एक गोष्ट आहे. आपल्याला वाटतं, डायनासोरचे पाय तेच रोबोचे पाय होणार. तसं होत नाही. डायनासोरची जाडजूड शेपूट मधोमध उभी दुभंगते आणि तिचे रोबोचे दोन पाय होतात. डायनासोरचे मागचे पाय खांद्याशी जाऊन रोबोचे हात होतात. नख्या दुमडतात आणि मुठी बाहेर येतात. मान आणि छाती मधोमध उघडून दोन्हीकडे पाठीमागे जाते, डायनासोरचं डोकं पाठीवर पडतं आणि आतून रोबोचं डोकं दिसतं. डायनासोरचे चिमुकले पुढचे पंजे त्या उघडलेल्या छातीबरोबर मागे जाऊन बसतात. या सगळ्यात एकही भाग काढून बाजूला ठेवावा लागत नाही. तलवार आणि दुनळी रॉकेट-तोफ तेवढी सुटी.

या मांडणीतून काही गोष्टी आपोआप निघतात, आणि त्याच पारखीच्या खऱ्या जागा. रोबोचा खांदा जरा सैल असला तर काय बिघडतं? हात खाली लोंबतो, एवढंच. पण ग्रिमलॉकच्या बाबतीत तोच खांदा डायनासोरच्या रूपात कंबर होतो आणि सगळ्या धडाचं वजन त्याच्यावर येतं. तो सैल असेल तर डायनासोर हळूहळू पुढे वाकतो आणि शेवटी तोंडावर आपटतो. म्हणून तिथे दातेरी सांधा असला तर उत्तम. फिरवताना कट्-कट् आवाज येतो आणि प्रत्येक दात्यावर सांधा घट्ट थांबतो. नुसत्या घर्षणावर टिकणारा गोळीचा सांधा तिथे असेल, तर तो वर्ष-दोन वर्षांत ढिला पडणार हे धरून चालावं. दुसरी जागा शेपटीची. शेपूट म्हणजे एकमेकांत अडकवलेले दोन पाय, त्यामुळे ती डावी-उजवीकडे झुलवणं अवघड. मगरीसारखी वळवळणारी शेपूट हवी असेल तर ती ग्रिमलॉककडे मागू नये. मात्र दोन पाय जिथे जुळतात तिथली फट बघावी. ती जुळणी नीट बसत नसेल तर डायनासोर मागून फाटल्यासारखा दिसतो.

खेळण्यांचे शौकीन रोबोच्या अंगावर लोंबणाऱ्या दुसऱ्या रूपाच्या फालतू तुकड्यांना ‘किबल’ म्हणतात. मोटारीच्या रोबोच्या पाठीवर टपाचं ओझं असलं तर ते किबल. ग्रिमलॉकच्या पाठीवर तर अख्खं डायनासोरचं डोकं आणि छातीचे दोन फाळके, तरी त्याला कुणी किबल म्हणत नाही. ते फाळके पंखांसारखे मागे उभे राहतात आणि रोबोच्या रूपाला रुबाब देतात. माझं मत असं की हीच खरी कसोटी: प्रत्येक तुकड्याला दोन्ही रूपांत काही काम आहे का? जो तुकडा एका रूपात काम करतो आणि दुसऱ्यात फक्त लपतो, तिथे रचनाकाराने हात टेकले असं समजावं.

मग डायनासोर कितपत डायनासोर आहे, हा प्रश्न. ग्रिमलॉक म्हणजे टायरॅनोसॉरस रेक्स, अर्थात टी-रेक्स. शास्त्रज्ञ हेन्री फेअरफील्ड ऑसबोर्न यांनी १९०५ मध्ये टायरॅनोसॉरस रेक्सचं नामकरण केलं, आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत त्याचा सांगाडा उभा झाला. ताठ उभा, शेपूट जमिनीवर टेकवलेला. पुढच्या कित्येक पिढ्यांनी टी-रेक्स पाहिला तो असाच, पुस्तकांत आणि सिनेमांत. जपानी गॉडझिलाही याच ढंगात उभा. पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा प्राणी धड आडवं ठेवून, शेपूट हवेत उचलून चालत असणार. १९९३चा ‘ज्युरासिक पार्क’ आला तोवर लोकांच्या मनातलं चित्र बदलायला लागलं होतं, आणि त्या म्युझियमनेही १९९०च्या दशकात आपला सांगाडा नव्या पवित्र्यात मांडला. ग्रिमलॉक मात्र १९८५चा, त्यामुळे जुन्या पवित्र्यातला. त्याची शेपूट जमिनीला टेकते आणि तिसऱ्या पायाचं काम करते. शास्त्राच्या हिशेबात ही चूक, खेळण्याच्या हिशेबात सोय. ट्रान्सफॉर्मर्सच्या २०१४च्या ‘एज ऑफ एक्स्टिंक्शन’ सिनेमातला ग्रिमलॉक पुढे झुकलेला आणि काटेरी आहे. तसं खेळणं दोन पायांवर तोलायचं तर घोटे आणि कंबर दोन्ही भक्कम लागतात, आणि सिनेमातलं बारीक काटेरी काम प्लॅस्टिकमध्ये बोथट होतं ते वेगळंच. मला तो कधी भावला नाही.

नव्या ग्रिमलॉकांत सध्या सगळ्यात विचारपूर्वक केलेला कोणता, तर माझ्या मते २०२१ मध्ये ‘स्टुडिओ सिरीज ८६’ या मालिकेत आलेला. मालिकेच्या नावातले ८६ म्हणजे ट्रान्सफॉर्मर्सचा १९८६चा कार्टून-सिनेमा. हॅस्ब्रोच्या भाषेत हा ‘लीडर’ मापाचा, साधारण साडेआठ इंचांचा. शेपटीचे पाय आणि पायांचे हात ही जुनी युक्ती त्याने तशीच ठेवली आहे, पण सांधे आजचे. जुन्या ग्रिमलॉकला धड गुडघा टेकून बसता येत नसे, हा बसतो. त्याच्याबरोबर खोक्यात व्हीली नावाचा छोटा रोबोही मिळतो, सिनेमात यमकं जुळवत बोलणारा तोच पोरगा. व्हीलीचं रूप मात्र पालटत नाही, तो नुसता पुतळा. सिनेमात तो ग्रिमलॉकवर स्वार होतो, म्हणून त्याची सोबत शोभते. उणं काढायचं तर सोनेरी रंगाचं. जुन्याचं सोनं आरशासारखं झळकायचं, याचं नुसतं रंगवलेलं आहे.

२०१८चा ‘पॉवर ऑफ द प्राइम्स’मधला ग्रिमलॉक एक माप लहान, ‘व्हॉयेजर’. त्याच्यावर तिसऱ्या रूपाचा भार टाकला आहे: बाकीचे चार डायनोबॉट हातपाय म्हणून जोडून त्याचा व्होल्कॅनिकस नावाचा महाकाय रोबो होतो. कल्पना झकास, पण तीन रूपांची हौस पुरवायची तर प्रत्येक रूपाला काहीतरी सोडावं लागतंच. पाचही घेणार असाल तरच हा घ्यावा. ताकाराचा (आता ताकारा-टोमी) २००९चा ‘मास्टरपीस’ ग्रिमलॉक याच्या अगदी उलट स्वभावाचा. मोठा, महाग, कपाटात दिमाखाने उभा राहणारा. त्याच्या डोळ्यांचा रंग लाल किंवा निळा करता येतो. कार्टूनवाले आणि कॉमिकवाले यांचं भांडण असं एका कळीने मिटवणारा रचनाकार मला फार आवडतो. आणि अलीकडे रोबोसेन कंपनीने तर मोटरी बसवलेला ग्रिमलॉक काढला. तोंडी हुकूम दिला की स्वतःच रूप पालटतो, चालतो, बोलतो. बाजारात आला तेव्हा किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास होती. यंत्र म्हणून थक्क करणारं. पण पालटण्याचं काम बोटांकडून काढून घेतल्यावर आपल्या हाती नुसतं बघणं उरतं, आणि एवढे पैसे नुसतं बघायला मी तरी मोजणार नाही.

मालमसाल्याबद्दल थोडं. जुन्या ग्रिमलॉकमध्ये ओतीव धातूचे भाग होते, म्हणून हातात घेतल्यावर वजन लागतं. बाकीचा बहुतेक भाग एबीएस प्लॅस्टिकचा. हे प्लॅस्टिक उन्हात ठेवलं तर वर्षांनुवर्षांत पिवळं पडतं, विशेषतः पांढरं आणि करडं. जुन्या ग्रिमलॉकचं सोनं म्हणजे प्लॅस्टिकवर चढवलेला धातूचा अतिपातळ थर. तो बोटांच्या घामाने आणि घासण्याने उडतो, आणि एकदा उडाला की गेला. शौकिनांत ‘गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम’ नावाचा एक कुप्रसिद्ध रोग आहे. त्यात प्लॅस्टिकमध्येच मिसळलेल्या सोनेरी चकाकीमुळे खेळणं ठिसूळ होऊन हातात तुकडे येतात. ग्रिमलॉकचं सोनं वरून चढवलेलं असल्याने तो या रोगातून सुटला. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी मात्र पिना आणि स्क्रूंवर नजर ठेवावी. पावसाळ्यातली दमट हवा लोखंडाला सोडत नाही, आणि गंजलेली पिन सांध्याच्या आतून प्लॅस्टिक फोडते.

गोळीचा सांधा ढिला झाला तर गोळीवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक पातळ हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग बसवायचा. शौकिनांचा हा जुना तोडगा खरोखर चालतो. डिंक किंवा फेव्हिक्विकचा थेंब थेट सांध्यात सोडू नये. सांधा कायमचा जाम व्हायचा.

भारतात परदेशी खेळण्यांची गोष्ट सरळ नव्हती आणि नाही. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल उभी राहिली, तिचा कारखाना गोव्यातही आहे, आणि हॅस्ब्रोच्या जी. आय. जो सैनिकांच्या भारतीय आवृत्त्या आज परदेशी संग्राहक शोधत फिरतात. अलीकडच्या काळात चित्र बदललं. खेळण्यांवरची आयात-जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्यामागचं मानक म्हणजे आयएस ९८७३: टोकदार कडा, गिळता येतील असे सुटे तुकडे, पेट घेण्याचा धोका, रंगातले विषारी धातू, यांची तपासणी. गल्लीतल्या दुकानात टांगलेल्या ‘रोबो-डायनासोर’च्या पाकिटावर हे चिन्ह आहे का, एवढं तरी बघावं. नक्कल ओळखायला अवघड नाही. कडांवर साच्याचे खरखरीत ओठ राहिलेले असतात, प्लॅस्टिकला उग्र वास येतो, आणि सांध्यातल्या खुंट्या खाचेत बसतच नाहीत. लहान पोराला द्यायचं असेल तर एका झटक्यात पालटणारं सोपं खेळणं बरं. मास्टरपीस मुळात मुलांसाठी नाहीच.

जुना, १९८५चा ग्रिमलॉक विकत घेणाऱ्याने आणखी एक जागा तपासावी. त्या वर्षापासून खेळण्यांवर छोटा चौकोनी ‘रब साइन’ असे. बोटाने चोळलं की उष्णतेने त्यातून रोबो ज्या गटाचा त्या गटाचं चिन्ह उमटे. नकली माल ओळखता यावा म्हणून काढलेली ही युक्ती. चाळीस वर्षांनी तो काळा पडलेला किंवा पुरता निघालेला असू शकतो, पण मूळ असेल तर किंमत वाढते. तलवार आणि तोफ सोबत असल्या तरी त्या नव्याने बनवलेल्या असू शकतात, तेव्हा त्यांच्यावर फार पैसे मोजू नयेत. सगळ्यात महत्त्वाचं, विकणाऱ्याकडून पूर्ण रूपबदलाचा व्हिडिओ मागवावा. शेपूट उघडताना ती दोन्हीकडे सारखी फाकते का, पाय खांद्यावर नेताना अडखळतो का, आणि डायनासोर होऊन मिनिटभर तरी सरळ उभा राहतो का. टाळाटाळ झाली तर दुसरा विक्रेता गाठावा.