थांबला तो संपला?

'थांबला तो संपला' हे वाक्य आपण मुलांना उठताबसता ऐकवतो. ज्याने ते प्रथम उच्चारले, त्याच्यावर रात्री दहा वाजता भरलेला ट्रक उभा करायला जागा शोधण्याची वेळ आली नसावी. महामार्गावर हिशेब उलटा आहे. तिथे वेळेवर न थांबणारा संपतो, आणि भलत्या जागी थांबणारा दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातून, म्हणजे २०२३ पर्यंतच्या उस्मानाबादमधून, दोन मोठे रस्ते जातात. सोलापूर-धुळे रस्ता तुळजापूर, येडशी, येरमाळा, तेरखेडा करीत बीडकडे निघतो. पुणे-हैदराबाद रस्ता नळदुर्ग, उमरगा करीत कर्नाटकात शिरतो. त्याचा क्रमांक आता ६५ असला, तरी जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून 'नऊ नंबर'च आहे. पुण्याहून निघालेल्या ट्रकचे उमरग्यापर्यंत साधारण साडेतीनशे किलोमीटर होतात. भरल्या गाडीची सरासरी ताशी चाळीस धरली, तर हे पावणेनऊ तास झाले. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाचे काम आठ तासांचे, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा सांगितला होता. म्हणजे त्या हिशेबाने चालकाने उमरग्याच्या अलीकडेच गाडी उभी करून पाठ टेकली पाहिजे. त्याचे शरीरही तेच सांगत असते. प्रश्न उरतो तो एवढाच, की उभी करायची कुठे?

दिवेलागणीला धाब्याची जागा भरू लागते. लवकर पोचलेल्याला आतली, पक्क्या मुरमाची जागा मिळते. उशिरा आलेल्याच्या वाट्याला रस्त्याची कड येते. ट्रकची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते, म्हणून कडेला लावलेली गाडी पुष्कळदा थोडी रस्त्यावरच राहते. मागचे दिवे धुळीने माखलेले, परावर्तक पट्ट्या सोललेल्या. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. पन्नास मीटरवर काळा आकार दिसला, तर हाती उरतात दोन सेकंद. त्यातला एक 'अरे, हा तर उभा आहे' हे कळण्यातच जातो. १५ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ थांबवण्यात आलेल्या एका ट्रकवर भाविकांची गाडी मागून आदळली आणि बारा जण गेले. उभे वाहन म्हणजे निरुपद्रवी वाहन, हा समज किती महाग पडतो, ते त्या रात्री दिसले.

धाब्यावरच्या बाजेवर बसून मी या गाड्या लागताना अनेकदा पाहिल्या आहेत. कसलेला चालक आत शिरल्या शिरल्या जागा पकडत नाही. आधी खाली उतरतो, एक फेरी मारतो. वर विजेची तार किंवा फांदी आहे का, शेजारी गॅसचा किंवा पेट्रोलचा टँकर आहे का, जमीन कशी आहे, हे पाहतो. आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी वाटते आणि एका पावसात लोणी होते. दहाचाकी ट्रकला मालासकट साडेअठ्ठावीस टनांची मुभा आहे. एवढे वजन रात्रीतून एका अंगाने रुतले, तर सकाळी क्रेनशिवाय गत्यंतर नसते. रांगेच्या टोकाची आणि आत वळण्याच्या तोंडाची जागाही तो टाळतो, कारण वळणाऱ्या प्रत्येक गाडीचा धक्का पहिल्यांदा तिथेच बसतो.

मग गाडी मागे घेऊन लावायची, तोंड रस्त्याकडे ठेवून. पहाटेच्या अंधारात, मागे कोण झोपले आहे ते दिसत नसताना, गाडी मागे घेण्याची वेळ येऊ नये हे त्याचे कारण. क्लीनर असेल तर तो आरशात दिसेल असाच उभा राहतो. तो दिसेनासा झाला की गाडी जागीच थांबली पाहिजे. आजकाल अनेक गाड्यांवर चालक एकटाच असतो. त्याला दोनतीनदा उतरून स्वतःच पाहावे लागते. शेवटी हँडब्रेक, गिअर आणि चाकाला दगड. सकाळी निघताना तो दगड आठवणीने बाजूला टाकायचा असतो. रस्त्यात राहिलेला असा एक दगड रात्री मोटारसायकलवाल्याचा घात करतो.

हे सगळे जमले तरी झोप येईलच असे नाही. अंधाऱ्या जागी डिझेल चोरीला जाण्याची आणि ताडपत्रीच्या दोऱ्या कापल्या जाण्याची धास्ती असते. उजेडात असावे, तर भोंगे आणि गोंगाट. उन्हाळ्यात केबिन भट्टीसारखी तापते, म्हणून कित्येकजण गाडीखाली चाकांमधल्या सावलीत अंग टाकतात. गाडी चालू करण्यापूर्वी खाली वाकून पाहायचे, ते यासाठी. २०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. पण जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे धावणार आहेत.

यात आपलाही संबंध येतो. सुटीत तुळजापूरला निघालेली कुटुंबे त्याच धाब्यांवर चहाला थांबतात आणि मोकळी दिसली म्हणून ट्रकच्या नाकासमोरच मोटार लावतात. उंच केबिनमधून नाकाखालची मोटार दिसत नाही. दोन गाड्यांच्या फटीतून पळणारे मूल तर नाहीच नाही. मोटार ट्रकपासून दूर लावावी, मुलांचा हात धरावा, ट्रकच्या मागून जाऊ नये. एवढे केले तरी पुष्कळ.

बाकीचे काम सरकारचे आणि समाजाचे. महामार्गालगत दर ४० ते ६० किलोमीटरवर सुविधा केंद्रे उभारण्याचे धोरण आहे. तेल कंपन्यांनी काही पंपांवर 'अपना घर' नावाने चालकांसाठी निवासाची सोय सुरू केली आहे. ती वाढायला हवी. पण तोवर, मला वाटते, आपल्या बाजार समित्यांची आवारे रात्री कामी यावीत. भिंत आहे, फाटक आहे, दिवे लावता येतात, पहारेकरी ठेवता येतो. माफक भाडे घेऊन, मालाची आवक नसेल त्या रात्री जागा दिली, तर समितीला चार पैसे मिळतील आणि रस्त्याची कड मोकळी होईल.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्याच्या गावांकडे धान्य, पत्रे, कांबळी घेऊन ट्रकच आले होते. त्या चालकांना वाट दाखवायला तेव्हा गावेच्या गावे पुढे आली होती. आज त्यांच्या भाऊबंदांना हवी आहे ती रात्रीपुरती पक्की, उजेडाची जागा.