विद्यापीठाचा बृहत् आराखडा आणि कुलगुरूंची जबाबदारी

तालुक्यात नवे महाविद्यालय निघावे म्हणून ग्रामस्थांनी आग्रह धरावा, संस्थेने जागा मुक्रर करावी आणि अर्ज मात्र नामंजूर व्हावा, असे घडू शकते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यानुसार नव्या महाविद्यालयाचे ठिकाण विद्यापीठाच्या बृहत् आराखड्याशी सुसंगत असावे लागते. आराखडा पाच वर्षांचा असतो. अधिष्ठाता मंडळ तो तयार करते आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य उच्च शिक्षण व विकास आयोग त्यास मान्यता देतो.

कुलगुरूंची मुदतही पाच वर्षांचीच, किंवा वयाची पासष्ट वर्षे पूर्ण होईपर्यंत. परंतु या दोन मुदती एकाच दिवशी सुरू होत नाहीत. आखणी एकाची आणि अंमलबजावणी दुसऱ्याची, असा प्रसंग त्यामुळे वारंवार येतो. नव्या कुलगुरूंनी जुना आराखडा आपला मानला नाही, तर तो कपाटातच राहतो, हे उघड आहे.

दूरदृष्टीला सातत्याची जोड मिळाली म्हणजे काय घडते, हे कोल्हापुरात दिसते. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ साली झाली. पहिले कुलगुरू, इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार, १९७५ पर्यंत त्या पदावर होते. सागरमाळावरील सुमारे ८५३ एकरांचा विस्तीर्ण परिसर विद्यापीठास लाभला. त्या वेळच्या गरजेच्या मानाने ही जागा अवाढव्यच म्हणावी लागेल! पण पुढे विभाग वाढत गेले आणि त्यांना जागेसाठी शहराबाहेर धाव घ्यावी लागली नाही. माळावर झाडे लावण्यात आली, पाणी साठविण्यात आले. ग्रामीण भागातील गरीब विद्यार्थ्यांसाठी ‘कमवा व शिका’ योजना चालली. इतका दीर्घ काळ आज कोणाही कुलगुरूंच्या वाट्यास येणे कठीण. म्हणूनच सातत्य राखण्याचा भार आता व्यवस्थापन परिषद, अधिसभा व अधिष्ठाता यांच्यावर अधिक पडतो. आराखड्यातील कामे कोठवर आली, याचा जाब बैठकीत विचारला गेला तरच कुलगुरू बदलले तरी काम थांबत नाही.

आराखड्यासाठी पाहणी होते, तेव्हा परिसरातून बारावी उत्तीर्ण होणारी मुले-मुली किती, जवळचे महाविद्यालय किती अंतरावर आणि सायंकाळची शेवटची एस.टी. किती वाजता, ही माहिती मुख्याध्यापक व पंचायत सदस्य यांच्याइतकी नेमकी अन्य कोणाजवळ नसते. ती लेखी स्वरूपात विद्यापीठाकडे आराखडा मंजूर होण्यापूर्वीच पोहोचावयास हवी.