घरी मदतनीस केव्हा ठेवावा?

अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, पलंगावरून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि आपल्या हाताने जेवणे, या सहा क्रियांवरून अमेरिकेत ज्येष्ठांचे स्वावलंबन जोखतात. ही पट्टी क्लीव्हलंडच्या डॉ. सिडनी कॅट्झ यांनी १९६३मध्ये मांडली. दोन क्रिया किमान ९० दिवस जमणार नाहीत असे दिसले, की दीर्घकालीन शुश्रूषा विम्याची पात्रता साधारणतः लागू होते. घरच्यांनी मात्र तोवर थांबू नये. खुणा आधीच दिसतात: गोळ्यांच्या डबीतला मंगळवारचा कप्पा शुक्रवारीही भरलेला, बिलांचे लिफाफे न फोडलेले, पातेली करपलेली. खर्चाचे पाहायचे तर, घराबाहेर पडणे कठीण झालेल्या रुग्णाला डॉक्टरांच्या आदेशावरून मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी आरोग्यविमा योजना परिचारिकेची ठरावीक सेवा देते. नुसत्या अंघोळ-जेवणाच्या मदतीचा खर्च उचलत नाही. उत्पन्न कमी असल्यास राज्याच्या मेडिकेड या सरकारी योजनेकडे चौकशी करावी.